डोहात सोडलेले मासे

ना-सरांना मासा दाखवला, की ते आधी 'ना' म्हणायचे. मासा कुठला, केवढा, कोणी धरला हे बघायच्याही आधी. मच्छीमार रमणभाई कमरेएवढ्या पाण्यातून जाळं ओढत काठाला यायचे, जाळ्यात काहीतरी पिवळट-हिरवं उसळत असायचं आणि ते ओरडायचे, "साहेब, जुओ, आ तो तमारो ज छे!" काठावर उकिडवे बसलेले सर चष्मा कपाळावर सारून म्हणायचे, "ना." मग दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवून घ्यायचे, जवळ यायचे आणि बघायला लागायचे. बहुतेक वेळा बघून झाल्यावरही उत्तर तेच असायचं. मांडवीच्या पुढच्या त्या गावात त्यांना सगळे ना-सर म्हणत. भामरे हे त्यांचं आडनाव तिथे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि सरांनाही ते कळवायची घाई नव्हती.

माझा त्यांच्याशी संबंध आला तो कामामुळे. नदीवर काम करणारी आमची एक छोटी संस्था सुरतेत आहे. मी तिचं ऑफिस बघते. मला माशांतलं फारसं कळत नाही. परवानग्या काढणं, गाडी ठरवणं, डबे सांगणं, सरकारी साहेबांना योग्य वेळी फोन करणं आणि दोन तज्ज्ञ भांडले की दोघांना वेगवेगळ्या खोलीत चहा पाजणं, हे माझं काम. सर इथल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आम्ही त्यांना मोजणीसाठी बोलावलं. ते यायला तयार झाले तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं पहिल्या फेरीतच संपलं.

मोजायचा मासा एकच, खडस. पुस्तकात ज्याला महाशीर म्हणतात तो. मोठ्या खवल्यांचा, जाड ओठांचा, वाहत्या स्वच्छ पाण्याशिवाय न जगणारा. तापीवर धरण झालं, बंधारे झाले, तसा तो मुख्य नदीतून दिसेनासा झाला. पण तापीला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या डोहात तो अजून आहे, असं रमणभाई सांगत. नेमका त्या डोहाच्या वरच्या अंगाला रेती आणि गोटे काढायचा ठेका निघायच्या बेतात होता. खडस अंडी घालतो ती हीच गोट्यांची जागा. डोह आणि तो वरचा पट्टा राखीव व्हावा, तिथे ठेका निघू नये, एवढंच आमचं मागणं. खात्याचे साहेब भले होते. म्हणाले, "मोठे मासे पुरात कुठूनही येतात. ते इथेच जन्मतात हे दाखवा. पिल्लं दाखवा, मी पुढे पाठवतो." म्हणजे सगळं सरांच्या मोजणीवर येऊन थांबलं. आणि सर 'ना' म्हणायला बसलेले.

त्यांची पद्धत अशी. पाण्यात दिसलेला मासा मोजायचा नाही. उडी मारलेला मोजायचा नाही. जाळ्यातून निसटलेला तर नाहीच नाही. मासा हातात आला पाहिजे, आणि हात ओला पाहिजे, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग त्याला रोग लागतो. ओल्या फडक्यात धरून अंगावरच्या आडव्या रेषेतले खवले मोजायचे, ओठ बघायचे, लांबी घ्यायची. पोटाखालच्या डाव्या पराचा कोपरा कात्रीने जरासा कापायचा, म्हणजे तोच मासा पुन्हा जाळ्यात आला तर दोनदा मोजला जाणार नाही. मग त्याचं तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतःच्या जोरावर निघेपर्यंत पाण्यात धरून ठेवायचं. एवढं सगळं एका माशाला. मी काठावर उभी, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, डब्यातली भाजी उन्हात आंबायला लागलेली.

"सर, आत्ता उडी मारली तो खडसच होता ना?"

"उडी मारणारा होता."

"अहो, रंग दिसला की मला!"

"ऊन दिसलं तुम्हाला, ताई."

हे संभाषण आमच्यात इतक्या वेळा झालं, की पुढे पुढे रमणभाईच मराठीत म्हणायला लागले, "ऊन दिसलं, ताई!" आणि स्वतःच्याच विनोदावर जाळं खांद्यावर टाकून हसत सुटायचे.

सर मूळचे शिरपूरकडचे, तापीकाठच्याच गावातले. नोकरीसाठी सुरतेला आले आणि उधन्यात राहिले. लोकांना यात फार काव्य दिसायचं. एका कार्यक्रमात सूत्रसंचालन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "नदीने त्यांना इथवर आणलं." सर माइक न घेताच म्हणाले, "एस.टी.ने." घरी मात्र ते मोकळे असतील, असा माझा समज होता. एकदा कागदावर सही घ्यायला गेले, तर काकूंनी दार उघडलं आणि आत बघून मला अहिराणीत हळूच म्हणाल्या, "काय सांगू बहीन तुले, त्या मासासजोडे बोलतस, मानसेसजोडे नही." चाळीस वर्षं संसार केलेली बाई असं म्हणत असेल, तर मी कोण? तेव्हापासून मी त्यांच्याकडून बोलण्याची अपेक्षा सोडली. कामाची सोडली नाही.

काम त्यांचं चोख होतं, यात वाद नाही. पण काम चोख असणं आणि काम होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कधी पटलं नाही. दुसऱ्या हिवाळ्यात मी फार खटपट करून खात्याच्या साहेबांना डोहावर घेऊन गेले. थंडी छान होती, पाणी काचेसारखं होतं. साहेबांनी नाश्ता केला, बूट काढले, पाय पाण्यात सोडून बसले. आणि समोर, अगदी मधोमध, हातभर लांबीच्या माशाने अशी काही उडी घेतली की साहेबांच्या हातातला कप हिंदकळला. "ओहो! हाच ना तुमचा?" साहेब उभेच राहिले. मी मनात म्हटलं, झालं काम. मी सरांकडे बघितलं. डोळ्यांनी शक्य तितकं सांगितलं. सर म्हणाले, "कटला असू शकतो." बाजारातल्या साध्या माशाचं नाव ऐकून साहेब पुन्हा खाली बसले. मला त्या क्षणी सरांना डोहात ढकलून द्यावंसं वाटलं होतं, आणि रमणभाईंनी मला थांबवलं नसतं.

परतताना गाडीत मी विचारलं, "एक हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?" सर खिडकीबाहेर बघत होते. पलसाण्याकडे वळणाऱ्या कापडाच्या ट्रकांची रांग लागली होती. म्हणाले, "आज माझ्या 'हो'वर सही झाली असती, तर उद्या ठेकेदाराच्या 'हो'वरही झाली असती. त्याच्याकडे हो म्हणणारे जास्त आहेत." हे उत्तर बिनतोड होतं. बिनतोड उत्तर देणाऱ्या माणसाबरोबर दोन तास गाडीत बसणं किती जड जातं, ते बसल्याशिवाय कळायचं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यात पिल्लं मिळाली. डिसेंबरात, वरच्या गोट्यांच्या पट्ट्यात, बोटाएवढी. सरांनी नेहमीप्रमाणे आधी 'ना' म्हटलं, ओल्या फडक्यात घेतलं, भिंगातून बघितलं, पुन्हा बघितलं आणि काही न बोलता दुसरं मागितलं. त्या दिवशी त्यांनी दुपारचा डबा उघडलाच नाही. संध्याकाळी म्हणाले, "ताई, आहेत." मी विचारलं, "पाठवू का मग साहेबांना?" तर म्हणाले, "अजून थोडी होऊ द्या. जानेवारी संपला की पाठवू. एवढ्याने ते हसतील." तेव्हा मला राग आला नाही, हे मुद्दाम सांगते. कारण या वेळी ते माझ्यासारखा विचार करत होते. एवढी वर्षं मी त्यांना आकडा मोठा हवा म्हणून सांगत होते, आणि आता तेच सांगत होते.

त्याच सुमारास एका कॉलेजात त्यांचं भाषण झालं. तिथे ते म्हणाले की हा मासा या डोहातही संपत आलाय. खरं तेच म्हणाले. ते एका गुजराती पेपरात छापून आलं, त्यांच्या फोटोसह. दोन दिवसांनी सर ऑफिसात बसलेले असताना त्यांना फोन आला. समोरचा आवाज एवढा मोठा होता की मला टेबलापलीकडे ऐकू येत होता. रिंग रोडवरच्या एका कापड मार्केटातले कांतिभाई बोलत होते, त्यांच्या जीवदया मंडळातर्फे. "सर, तमारी माछली खूटी गई छे एवुं वांच्युं. अमे लावी आपीए?" म्हणजे तुमचे मासे संपत आलेत असं वाचलं, आम्ही आणून देऊ का?

"ना," सर म्हणाले.

"एमां शुं, सर! पुण्यनुं काम छे."

"ना," सर म्हणाले आणि फोन ठेवला. मी विचारलं, "का नको ते सांगायचं होतं ना?" तर म्हणाले, "नको म्हटलं की."

आता इथे सुरत माहीत नसलेल्यांसाठी सांगते. आमच्या गावात पाहुण्याने चहाला ना म्हणायचं असतं आणि घरवाल्याने तो आणायचाच असतो. जेवणाच्या ताटावर आडवा हात धरायचा असतो आणि वाढणाऱ्याने त्या हाताच्या खालून वाढायचं असतं. नुसती ना ही इथे नम्रता समजतात. खरोखर नको असेल तर कारण सांगावं लागतं, पोट दाखवावं लागतं, डॉक्टरचं नाव घ्यावं लागतं. सर या गावात सारं आयुष्य राहिले आणि हे शिकले नाहीत, कारण त्यांना खरोखर नको असायचं आणि कोणी वाढलं तर ते ताटात तसंच टाकून उठायचे.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी सकाळी मी गच्चीवर होते. पतंगांनी आभाळ भरलेलं, लाउडस्पीकर, खाली उंधियूच्या रांगा. रमणभाईंचा फोन आला. त्यांचं बोलणं नीट ऐकू येईना. "बेन, टँकर आव्युं छे," एवढंच कळलं. मी सरांना उधन्यातून घेतलं आणि आम्ही निघालो. मी सरांना विचारलं, "टँकर कसला असेल?" ते सीटच्या कडेवर बसून होते, बस चुकेल अशी धास्ती असलेल्या माणसासारखे.

डोहावर मांडव होता. पन्नासेक माणसं, बायका बांधणीच्या साड्यांत, भटजी, लाल चुनडी, पेढ्यांचे खोके. काठावर टँकर, त्याच्या शेजारी फुगवलेल्या प्लास्टिक पिशव्यांचा ढीग, सगळ्या रिकाम्या. सगळं आटोपलं होतं. गोरेपान, गोल चेहऱ्याचे कांतिभाई सरांना बघून धावतच आले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. "सर! तमे ना पाडी, पण अमे समजी गया." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. आईच्या नावाने दान केलं होतं त्यांनी. नुसते साधे मासे आणले नव्हते. पेपरात नाव वाचून पार डोंगराळ भागातल्या एका मत्स्यबीज केंद्रातून महाशीरचीच पिल्लं मागवली होती, हजारोंनी. आणि कमी पडू नये म्हणून वर एक टँकर रोहू-कटला.

सर पाण्याकडे बघत होते. काठाला बोटाएवढ्या पिल्लांचे थवेच्या थवे लागले होते. "ही इथली नाहीत," ते म्हणाले, आणि गुजरातीत म्हणाले, पण त्यांचं गुजराती असं की ऐकणाऱ्याला आधी ते गुजराती आहे हे कळायला वेळ लागे. "ही दुसऱ्या जातीची. पिल्लं दिसायला सारखी. मोठी झाली की आमच्यात मिसळणार." कांतिभाईंना 'मिसळणार' एवढंच कळलं. ते खूष झाले. "हा, हा, भळी जशे!" त्यांनी सरांच्या तोंडात पेढा घातला. मी पहिल्यांदा सरांना असं बघितलं, की तोंडात पेढा आहे आणि तो चावायचा की थुंकायचा हे माणसाला ठरवता येत नाही.

मी नंतर कांतिभाईंना बाजूला घेऊन विचारलं, "सरांनी स्पष्ट ना म्हटलं होतं, तरी का आणलेत?" ते माझ्याकडे लहान मुलीकडे बघावं तसे बघत म्हणाले, "बेन, पहेली ना ते कंई ना कहेवाय?" मी म्हटलं, "दोनदा म्हटलं होतं." तर म्हणाले, "मोटा माणस बे वार कहे." या माणसावर चिडावं तरी कसं, हा माझा त्या दिवसापासूनचा प्रश्न आहे. मी चिडले ती सरांवर. सहा वाक्यं बोलायची होती फोनवर, फक्त सहा.

पुढे जे व्हायचं ते झालं. पराचा कोपरा कापलेले जुने मोठे मासे ओळखता येत होते. पण साहेबांना हवी होती पिल्लं, आणि पिल्लांचं आता काही सांगता येईना. भिंगातून बघूनही सर दहा वेळा थांबायचे आणि मासा तसाच सोडून द्यायचे. डिसेंबरात मिळालेली ती थोडी, तेवढीच काय ती खात्रीची. मी तेवढ्यावर प्रस्ताव पाठवायचा म्हटलं. साहेबांनी उलट आमचं अभिनंदन केलं. "आता तर हजारोंनी आहेत म्हणे! मग धोका कसला?" त्यांनीही पेपर वाचला होता, दुसऱ्या दिवसाचा, मांडवाच्या फोटोसह. मी त्यांना समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं. फाइल बाजूला ठेवली.

सरांनी मग स्वतःच ठरवलं, की सोडलेले काढायचे. रोहू-कटला ओळखू येतात, ते आधी. रमणभाईंनी जाळी आणली, गावातले आणखी दोघे आले, त्यांना ही मेजवानीच होती. पण गोष्ट सुरतेपर्यंत पोचायला किती वेळ लागतो? दुसऱ्याच फेरीला दोन गाड्या भरून मंडळाची माणसं काठावर हजर. बायका पण होत्या. गाडीतच मी सरांना बजावलं होतं, "काय करणार असं विचारलं तर म्हणा, उकाईच्या जलाशयात नेऊन सोडणार. एवढं म्हणा आणि गप्प बसा." सर म्हणाले, "तिथे सोडले तर तिथलं बिघडेल." मी म्हटलं, "सोडू नका हो, नुसतं म्हणा!" ते काही बोलले नाहीत. ते बोलले नाहीत म्हणजे पटलं असं मी समजले. ही चूक करण्याइतकी मी वयाने तरी लहान नव्हते.

कांतिभाईंचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता. त्यांनी जाळ्यात तडफडणाऱ्या माशांकडे बघितलं आणि विचारलं, "सर, तो आ माछलांनुं करशो शुं?"

"गावात वाटणार," सर म्हणाले.

"पछी?"

"लोक खातील."

"मारी नाखशो?" कांतिभाई म्हणाले. त्यांच्या आईच्या नावाने जीवदान दिलेले जीव. मागून एक बाई ओरडली, "पापी छे, पापी!" कोणीतरी रमणभाईंच्या हातातलं जाळं ओढलं. मासे पुन्हा पाण्यात गेले, टाळ्या झाल्या. आयुष्यभर मासा ओल्या हातात धरून त्याला जपून सोडणारा माणूस मधे उभा, आणि भोवती सगळे त्याला मासे मारणारा म्हणत होते. सर एवढंच म्हणाले, "खडसाचं कोणी काही विचारत नाही." ते मराठीत म्हणाले. तिथे ते फक्त मला कळलं.

आम्ही तीन वर्षांत जे मिळवू शकलो नाही, ते मंडळाने एका शिष्टमंडळात मिळवलं. त्यांच्या ओळखी वरपर्यंत होत्या. महिन्याभरात डोहावर हिरवी पाटी लागली: मासे धरण्यास, जाळे टाकण्यास, रेती-गोटे काढण्यास सक्त मनाई. ठेका रद्द झाला. मंडळाच्या खर्चाने एक रखवालदार बसला. मला बातमी कळली तेव्हा मी, खरं सांगते, ऑफिसात सगळ्यांना आइस्क्रीम मागवलं. आणि मग पाटीवरचे शब्द पुन्हा वाचले. जाळे टाकण्यास मनाई. त्यात आम्हीही आलो.

मी उधन्याला गेले. काकूंनी चहा ठेवला. सर खाटेवर बसून पाय चोळत होते.

"डोह वाचला," मी म्हटलं. "गोटे वाचले. ठेका गेला. आपल्याला हेच हवं होतं ना? अजून काय पाहिजे तुम्हाला?"

"आत कोण राहतंय ते."

"कोणीतरी राहतंय ना!"

"ताई, उद्या तुमच्या घरावर कोणी पाटी लावली, की हे घर सुरक्षित आहे. आणि आत तुम्हीच आहात की दुसरं कोणी, हे बघायला मनाई केली. तुमच्या मिस्टरांना चालेल?"

"आमच्या ह्यांना चालेल," मी म्हटलं.

सर हसले. काकू स्वयंपाकघरातून बघायला आल्या, काय झालं म्हणून. मीही हसले, पण माझी चिडचिड कमी झाली नव्हती, आजही झालेली नाही. मला तेव्हा वाटलं आणि आताही वाटतं, की जगात बऱ्याच गोष्टी चुकीच्या कारणाने वाचतात, आणि वाचल्या की घ्याव्यात. सरांना ते मान्य नव्हतं. त्यांनी परवानगीसाठी अर्ज केले, मीच ते टाइप केले. मोजून परत सोडू, एकही मरणार नाही, असं लिहिलं. एकदा लोक खातील म्हणून सांगितलेल्या माणसाचा अर्ज कोण मंजूर करणार? पाण्याचा नमुना तपासूनही हल्ली कळतं म्हणतात. तेही विचारून बघितलं. सर म्हणाले, त्याने कोण कोण आहे एवढं कळेल, मिसळले किती ते मासा हातात घेतल्याशिवाय कळणार नाही.

त्यानंतरही ते डोहावर जायचे, बसने. रमणभाईंबरोबर काठावर बसायचे, दुपारच्या बसने परत. मी एकदा फोनवर विचारलं, "काय करता तिथे बसून?" म्हणाले, "उड्या बघतो." मोजता का, असं मी विचारलं नाही. मागच्या पावसाळ्यानंतर ते गेले. जेवून झोपले ते उठले नाहीत. अंत्ययात्रेला कॉलेजची माणसं होती, खानदेशातले नातेवाईक होते आणि मागे, चपला हातात घेऊन, कांतिभाई होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं.

या उत्तरायणाला मंडळाचा डोहावर कार्यक्रम होता आणि त्यांनी मला आग्रहाने नेलं. नको म्हणायला मी कारण सांगितलं होतं, पुरेसं पटेल असं, पण गाडीच दाराशी आली. मांडवात सरांचा पेपरातला फोटो मोठा करून लावला होता, त्याला हार. लोक ओळीने कुरमुरे टाकत होते आणि मासे काठाला दाटीवाटीने आले होते. चांगले हातभर झालेत. अंगावर ऊन पडलं की सगळे सोनेरी दिसत होते. कांतिभाई माझ्या शेजारी उभे राहून बराच वेळ बघत होते. मग त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "बेन, आमां सरनी माछली कई?"

ते मनापासून विचारत होते. मला वाटलं, कुठल्याही एकाकडे बोट दाखवून टाकावं. तो बघा, तो जाड ओठांचा. त्यांचं समाधान झालं असतं आणि मी जेवायला वेळेत घरी पोचले असते. मी वाकून बघितलं. पाण्यात सगळ्यांची तोंडं सारखीच उघडत आणि मिटत होती.

"माहीत नाही, कांतिभाई," मी म्हटलं. "कोणालाच माहीत नाही. एकदा जाळं टाकू द्या, मी माणसं आणते, आम्ही बघून सांगतो."

त्यांनी माझ्यापुढे हात जोडले. "बेन, ए सिवाय जे मांगो ते."

मला दुसरं काही नको होतं. मी कुरमुऱ्यांची मूठ त्यांच्या हातात परत दिली, चपला घातल्या आणि गाडीकडे निघाले.